वरचा सूर कोणाचा?

नमस्कार. विषय फलकावर लिहिलाच आहे: जुन्या रॉक बँडच्या कॉन्सर्टची मागणी वर्षागणिक वाढतेच आहे, ती का. अर्थशास्त्राची बाजू मी दुसऱ्या अर्ध्या तासात मांडणार आहे, टिपणं काढून आणली आहेत. पण त्याआधी मला एक गोष्ट बोलायची आहे. गेली कित्येक वर्षं ध्वनीच्या टेबलामागे उभा राहून मी ती बघतोय, आणि ती कुठे लिहिलेली मला सापडत नाही.

या विषयावर कोणाशीही बोला, पहिल्या मिनिटाला एक शब्द येतो: स्मरणरंजन. माणसं तरुणपण आठवायला जातात, झालं, संपला विषय. मला हे अजिबात पटत नाही. स्मरणरंजनाने मागणी फार तर टिकेल, वाढेल कशी? ज्यांच्याकडे आठवणी आहेत ती माणसं दरवर्षी कमीच होत जाणार. ओएसिस बँड ऑगस्ट २००९ मध्ये फुटला आणि ४ जुलै २०२५ ला कार्डिफमध्ये पुन्हा मंचावर आला. मधे जवळपास सोळा वर्षं. त्या दौऱ्यात नाचणारी कितीतरी पोरं बँड फुटला तेव्हा पाळण्यात होती. त्यांना कसली आठवण येणार? तरीही त्यांना शब्दन् शब्द पाठ होता. हे कुठून आलं, याचं उत्तर स्मरणरंजनवाल्यांकडे नाही.

मी काय काम करतो ते सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. स्टेडियममध्ये दोन मिक्सर असतात. एक मैदानात, प्रेक्षकांसाठी. दुसरा मंचाच्या कडेला, वादकांसाठी. त्याला मॉनिटर म्हणतात. गायकाच्या कानात काय वाजायचं ते तिथून ठरतं. तो मिक्सर माझ्याकडे असायचा. पूर्वी मंचावर पायाशी तिरके स्पीकर ठेवायचे, आता कानात घट्ट बसणारे इअरपीस असतात. त्याने कान वाचतात, पण एक पंचाईत होते. समोर पन्नास हजार माणसं ओरडतायत आणि गायकाला त्यांचा आवाज जवळजवळ येतच नाही. म्हणून मंचाच्या दोन्ही टोकांना, गर्दीकडे तोंड करून, वेगळे माइक लावतात. ते फक्त वादकांच्या कानासाठी, आणि रेकॉर्डिंगसाठी. माझ्या मिक्सरवर पांढऱ्या टेपची पट्टी चिकटवलेली असायची, प्रत्येक चॅनेलखाली मार्करने नाव: किक, स्नेअर, बेस, व्होकल. आणि अगदी शेवटी, उजव्या कोपऱ्यात, ऑडियन्स लेफ्ट, ऑडियन्स राइट.

आता ती रात्र. बँडचं नाव सांगणार नाही, कारण गायक हयात आहे आणि मला त्याच्या गळ्याबद्दल बोलायचं आहे. सत्तरी ओलांडलेला माणूस. अनेक जुने बँड करतात तसं यांनीही सगळ्या गिटारी अर्ध्या सुराने खाली लावल्या होत्या. ऐकणाऱ्याला ते कळतही नाही, पण गळ्याला केवढा आधार मिळतो. तरी एका गाण्यात एक जागा अशी होती, की अर्ध्या सुराने काही होणार नव्हतं. पंचविशीत, स्टुडिओत लावलेला तो सूर. लांब, सरळ, उघडा. तुम्ही सगळ्यांनी तो ऐकलेला आहे.

दुपारी साउंडचेक झाला. तो माझ्या टेबलाशी आला, एका कानातला इअरपीस काढला आणि म्हणाला, “शेवटच्या तीन गाण्यांत मला कमी दे. त्यांना जास्त दे.” त्यांना म्हणजे त्या कोपऱ्यातल्या दोन चॅनेलना. मी विचारलं, किती? म्हणाला, “मी स्वतःला जेमतेम ऐकू येईन इतके.” इतक्या वर्षांत अशी मागणी माझ्याकडे कोणी केली नव्हती. गायक नेहमी उलटं मागतात. मला द्या, अजून द्या, गिटार कमी करा.

रात्री ती जागा आली. त्याने माइक गर्दीकडे फिरवला नाही, हात वर केले नाहीत, काही आव आणला नाही. ओळीचा पहिला शब्द म्हटला आणि श्वास घेतला. त्या श्वासात चाळीस हजार लोकांनी सूर उचलला. माझ्यासमोर व्होकलचा मीटर खाली पडला, आणि कोपऱ्यातले ते दोन मीटर हिरव्यातून पिवळ्यात आणि पिवळ्यातून लाल कडेपर्यंत चढले. सूर लागला. स्वच्छ लागला! हे ध्वनिवाल्याचं निरीक्षण म्हणून ऐका: एकेकटा माणूस बेसूर असतो, पण हजारो माणसं एकदम गायली की कोणी जरा वर, कोणी जरा खाली, त्या चुका एकमेकींना झाकतात आणि मधला सूर उरतो. त्या सुराखाली, एक सप्तक खाली, तो म्हातारा शांतपणे स्वतःचीच ओळ गात होता. डोळे मिटलेले होते.

दुसऱ्या दिवशी परीक्षण आलं. “गायकाला वरचा सूर लागत नाही, तो प्रेक्षकांकडून म्हणवून घेतो.” ते कात्रण मी जपून ठेवलंय. लिहिणाऱ्याने खोटं काही लिहिलं नव्हतं, आणि म्हणूनच मला ते लागलं. समोर एवढं घडलं आणि त्याला त्यात उणेपणा तेवढा दिसला. अहो, तो सूर एकेकाळी एका माणसाचा होता. त्याच्याकडून तो निसटला, तेव्हा खाली पडला नाही, चाळीस हजार लोकांनी झेलला. तरुण बँडच्या कॉन्सर्टमध्ये हे होत नाही, कारण तिथे जागाच रिकामी नसते. गायकच सगळं गातो. जुन्या बँडमध्ये जागा रिकामी होते आणि ऐकणारा आत येतो. पैसे खर्चून लोक पुन्हा पुन्हा येतात ते या जागेसाठी, असं माझं म्हणणं आहे.

आणि आता ती मुलगी. बॅरिकेडच्या अगदी लगत, माझ्यापासून वीसेक फुटांवर, सोळा-सतरा वर्षांची. तिने तो सूर तर लावलाच, पण त्याआधी गिटारचा अख्खा तुकडा तोंडाने म्हटला. त्यानंतर एक “ओ-ओ-ओ” म्हटला. तो “ओ-ओ-ओ” रेकॉर्डवर नाही! मूळ गाण्यात तिथे नुसते ड्रम आहेत. तो गर्दीने कधीतरी घातला आणि पुढे प्रत्येक शहरात प्रत्येक गर्दीने तसाच ठेवला. म्हणजे ही पोरगी गाणं रेकॉर्डवरून शिकलीच नव्हती, गर्दीच्या व्हिडिओंवरून शिकली होती. बँडचा भाग तर तिला येत होताच, शिवाय स्वतःचा भागही पाठ करून आली होती.

इथे थोडं मागे जाऊ या, कारण गर्दी पूर्वी अशी नव्हती. ऑगस्ट १९६५, न्यूयॉर्कचं शी स्टेडियम, बीटल्स. पंचावन्न हजारांवर माणसं. बँडसाठी व्हॉक्स कंपनीने मुद्दाम शंभर वॅटचे अँप्लिफायर बनवले होते. आज त्याहून मोठी सामग्री लग्नाच्या हॉलमध्ये असते. गाणी मैदानाच्या घोषणांच्या स्पीकरवरून ऐकवली. गर्दी गात नव्हती, किंचाळत होती. बँडला स्वतःचं काही ऐकू येत नव्हतं. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये, सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कनंतर, त्यांनी दौरे बंद केले.

मग ध्वनिवाल्यांनी मैदान जिंकलं. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मंचापासून शंभर मीटरवरच्या माणसाला प्रत्येक ठोका जवळपास पाव ते एक तृतीयांश सेकंद उशिरा ऐकू येतो. तिथे जास्तीचे स्पीकर लावून आवाज तसाच सोडला तर सगळा गोंधळ, एकच शब्द दोनदा. म्हणून स्पीकरचे मनोरे उभारतात आणि त्यांच्याकडे जाणारा आवाज तेवढाच रोखून मग सोडतात, म्हणजे मंचावरचा आवाज आणि मनोऱ्याचा आवाज हातात हात घालून पोहोचतात. जुलै १९७३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटकिन्स ग्लेनला ग्रेटफुल डेड, ऑलमन ब्रदर्स आणि ‘द बँड’ या तीन बँडना ऐकायला सहा लाखांच्या आसपास लोक जमले होते, तिथे हे मनोरे होते. मागच्या माणसाला शब्द कळला की तो गाऊ लागतो. ड्रमरचे मात्र हाल होतात. मागच्यांचा आवाज त्याच्याकडे परत येईपर्यंत आणखी तेवढाच उशीर झालेला असतो, आणि तो गर्दीच्या मागे गेला तर गाणं रांगत जाईल. नवे ड्रमर पहिल्या रात्री हमखास मंदावतात.

क्वीन बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांनी १९७७ सालची एक गोष्ट अनेकदा सांगितली आहे. स्टॅफर्डच्या बिंग्ली हॉलमध्ये कार्यक्रम संपला, बँड मंचावरून उतरला, आणि लोक घरी न जाता बँडसाठी गाऊ लागले. याच्याशी भांडायचं कशाला, यालाच गाणं करू या, हा विचार तिथून आला. त्याच वर्षी दोनदा पाय आपटा आणि एकदा टाळी, हे ‘वी विल रॉक यू’ गाणं आलं. त्याला वाद्य लागतच नाही, जवळजवळ शेवटपर्यंत. तुम्ही आत्ता बसल्या जागी सुरू केलंत तरी चालेल. हां, मागच्या रांगेत कोणीतरी केलंच सुरू!

आणि शिकवणी कशी चालते म्हणाल, तर ग्रेटफुल डेडने १९८४ मध्ये प्रेक्षकांतून रेकॉर्डिंग करणाऱ्यांसाठी तिकिटांचा वेगळा विभागच काढला. कॅसेटी हातोहात फिरल्या. विकायच्या नाहीत, नुसत्या अदलाबदलीने. १९९५ मध्ये त्यांचे गायक-गिटारवादक जेरी गार्सिया गेले. वीस वर्षांनी, २०१५ मध्ये, उरलेल्यांपैकी काहींनी डेड अँड कंपनी काढली. गिटारला जॉन मेयर, ज्याचा जन्मच १९७७ चा. आणि स्टेडियमं भरली. गार्सिया नाहीत, त्यांचा गळा नाही, पण ऐकणाऱ्यांनी गाणं सांभाळून ठेवलं होतं, म्हणून

चिठ्ठी आली आहे. सात मिनिटं. बरं. मग टिपणं भराभर.

पहिलं, पुरवठा. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये दाखवलं, की चार वादकांना एक रचना वाजवायला शंभर वर्षांपूर्वी जेवढा वेळ आणि जेवढी माणसं लागायची तेवढीच आजही लागतात. रॉक बँडचंही तेच. गाणी जगभर एका क्षणात पोहोचतात, पण शरीर रात्री एकाच शहरात असतं. रोलिंग स्टोन्सचा पहिला कार्यक्रम १२ जुलै १९६२ चा, लंडनच्या मार्की क्लबमध्ये. २०२४ च्या दौऱ्यात मिक जॅगर ऐंशी वर्षांचे होते. या वयात वर्षाला किती रात्री होणार? ऐकणारे तीन पिढ्यांचे, रात्री मोजक्या. त्या दौऱ्याची प्रायोजक होती एएआरपी, अमेरिकेतली पन्नाशीपुढच्या लोकांची संघटना. आणि तरी समोर विशीतली पोरं होतीच.

दुसरं, पैसा. गायक डेव्हिड बोवी २००२ मध्ये म्हणाले होते, की संगीत नळाच्या पाण्यासारखं, विजेसारखं होणार, तेव्हा भरपूर दौरे करायची तयारी ठेवा. तसंच झालं. रेकॉर्ड विकून मिळायचं ते आटलं, आणि जे नळातून येत नाही त्याला, म्हणजे प्रत्यक्ष संध्याकाळीला, भाव आला. यू टू बँडच्या २००९ ते २०११ च्या दौऱ्यात ११० कार्यक्रमांना सत्तर लाखांहून जास्त तिकिटं गेली. यात एक वाईट बाजूही आहे आणि तिचा मला राग आहे. ओएसिसच्या तिकिटांची विक्री ३१ ऑगस्ट २०२४ ला सुरू झाली, तेव्हा दीडशे पौंडांच्या आसपासचं उभं राहण्याचं तिकीट रांगेत तासन् तास थांबलेल्यांच्या समोर साडेतीनशेच्या पुढे गेलं. वरचा सूर झेलणारी ती सोळा वर्षांची मुलगी एवढे पैसे कुठून आणणार? बॅरिकेडपाशी फक्त पैसेवाले उभे राहिले तर गाणार कोण? आयोजकांना हे मी प्रत्येक वेळी सांगत आलो आहे.

तिसरं, निरोप. हा शेवटचा दौरा, असं म्हटलं की मागणी उसळते. ‘द हू’ बँडने १९८२ मध्ये निरोपाचा दौरा केला आणि २०२५ मध्येही अमेरिकेत निरोपाचाच दौरा केला. मॉटली क्रूने २०१४ मध्ये, यापुढे दौरा करणार नाही, अशा कायदेशीर करारावर सह्या केल्या; २०२२ मध्ये ते पुन्हा स्टेडियममध्ये होते. याला लोक फसवणूक म्हणतात. मी तसं म्हणत नाही. मंचावरून उतरताना त्यांचे चेहरे मी जवळून पाहिलेत, त्या रात्री ते खरंच निरोप घेत असतात. पुढे घरी बसवत नाही.

चौथं, मेटॅलिका बँड. २०२३ मध्ये सुरू झालेल्या दौऱ्यात बहुतेक शहरांत दोन रात्री, दोन्ही रात्री एकही गाणं सारखं नाही, आणि मंच मैदानाच्या मधोमध. मंच मधे आला की मागची रांग अर्ध्या अंतरावर येते. आवाजाचा उशीर कमी होतो. गर्दीला एकमेकांचे चेहरे दिसतात. हे सविस्तर सांगायचं होतं, पण वेळ संपली.

शेवटचं मिनिट मी राखून ठेवलंय. त्या रात्रीच्या रेकॉर्डिंगमधले फक्त शेवटचे दोन चॅनेल, ऑडियन्स लेफ्ट आणि ऑडियन्स राइट, गायकाच्या परवानगीने सोबत आणलेत. मंचावरचं लांबून, पुसट येईल. बाकी सगळी माणसं आहेत. जरा दिवे कमी करता का? आणि “ओ-ओ-ओ” येईल तिथे डावा स्पीकर नीट ऐका. ती मुलगी त्याच बाजूला होती.