दिवेलागणीची कविता

(दृश्य : संध्याकाळचा किनारा. वाळूवर वर ओढून घेतलेल्या, झापांनी झाकलेल्या होड्या.)

१ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस कोकण किनाऱ्यावरची यांत्रिक मासेमारी बंद असते. या दिवसांत होड्या शाकारून ठेवलेल्या असतात, जाळी विणण्याचे आणि सांधण्याचे काम पडवीत चालते, आणि नैर्ऋत्येकडून येणारा वारा माडांच्या झावळ्या एकाच दिशेला झुकवत राहतो. मालगुंडजवळच्या आमच्या वाडीत, दोन वर्षांपूर्वीच्या अशाच एका जूनमध्ये, मी रोज संध्याकाळी एक कविता मोठ्याने वाचायला आणि त्यानंतर वहीत त्या दिवसाविषयी दोन ओळी लिहायला सुरुवात केली. ती सवय आजही चालू आहे. ती कशी जडली आणि तिने काय दिले, ते मी या चित्रफितीत सांगणार आहे.

आरंभीचा माझा प्रयत्न फसला होता. रत्नागिरीला नोकरीसाठी जाताना एसटीत मोबाईलवर रोज एक नवी कविता वाचायची, असे मी ठरवले होते. महिनाभरात तीस कविता वाचून झाल्या आणि त्यांतली एकही मनात राहिली नाही, कारण सकाळच्या वेळेवर दिवसभराच्या कामांचा हक्क आधीच लागलेला असतो आणि आजची नवी कविता कालच्या कवितेला जागेवरून उठवते. उत्साह कमी होता असे मला वाटत नाही. वेळ चुकीची होती, आणि घाई होती.

(दृश्य : तुळशीवृंदावनापाशी पणती. माजघरात समई लावणारे वृद्ध हात.)

योग्य वेळ घरातच होती. कोकणातल्या कितीतरी घरांत दिवेलागणीला परवचा म्हणण्याची रीत होती. शुभंकरोती, पाढे, तिथी आणि नक्षत्रांची नावे, रामरक्षा, मनाचे श्लोक, असा तो क्रम असे. माझी आई आजही समई लावल्यावर मनाचे श्लोक म्हणते. समर्थ रामदासांचे हे २०५ श्लोक भुजंगप्रयात वृत्तात आहेत. ओळीला बारा अक्षरे, एक लघु आणि दोन गुरू अशा गणाची चार आवर्तने. त्यामुळे ओळ एका श्वासात बसते आणि ओळीगणिक श्वास आपोआप संथ होतो. आईने हे श्लोक पुस्तकातून पाठ केलेले नाहीत. तिच्या लहानपणी आजी म्हणत असे आणि पोरे ऐकत असत, एवढ्यावर ते तिच्याकडे आले.

ही रीत धार्मिक आहे हे खरेच, पण तिच्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे, जी मला फार उशिरा उमगली. दिवस आणि रात्र यांच्यामधली ही घटका घराने कामातून वेगळी काढलेली होती, आणि ती पद्याने भरलेली होती. पहाटेच्या जात्यावरच्या ओवीचेही तसेच होते. दळणारी बाई माहेरची आठवण, भावाची वाट, सासरचा जाच ओवीत बांधत असे, म्हणजे कालच्या दिवसाचा विचार ती दळता दळताच करत असे. पिठाच्या गिरण्या आल्या, जाती गोठ्याच्या कोपऱ्यात गेली आणि ती पहाट संपली. संध्याकाळची घटका मात्र आमच्या घरात अजून शिल्लक होती. आईचे श्लोक संपल्यावर तिच्याच शेजारी बसून मी कविता वाचू लागले. नव्या सवयीला नवी वेळ शोधावी लागली नाही.

(दृश्य : मालगुंड. केशवसुत स्मारक, जुन्या धाटणीचे घर, आवारातले काव्यफलक.)

कविता निवडताना दूर जावे लागले नाही. मालगुंड हे कृष्णाजी केशव दामले यांचे, म्हणजे केशवसुतांचे जन्मगाव. त्यांचा जन्म १८६६ चा. शाळामास्तराच्या नोकरीसाठी ते कोकणाबाहेर हिंडले आणि १९०५ मध्ये हुबळी येथे प्लेगने त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांनी चाळिशीही ओलांडली नव्हती. कोकण मराठी साहित्य परिषदेने मालगुंडात त्यांचे स्मारक उभारले आहे. सुमारे १३५ कविता, एवढीच त्यांची आज उपलब्ध असलेली काव्यसंपत्ती आहे. मी मनाशी हिशेब केला, की दर आठवड्याला एकच कविता घेतली, तर या एका कवीला अडीच वर्षांहून अधिक काळ लागेल. तो हिशेब मला अतिशय आश्वासक वाटला. एक कविता सात संध्याकाळी वाचायची, हा नियम मी तेव्हाच ठरवला, आणि या सवयीतला सर्वांत मोलाचा भाग तोच आहे, असे माझे ठाम मत आहे.

पहिल्या आठवड्यात ‘नैर्ऋत्येकडील वाऱ्यास’ ही कविता घेतली. केशवसुत काही काळ खानदेशात शिक्षक होते, आणि खानदेशातून पाहिले तर नैर्ऋत्येला कोकणच येते. त्या दिशेचा वारा अंगावर आला की त्यांना आपले घर आठवते, ही त्या कवितेची भूमिका. पहिल्या संध्याकाळी मी ती एक हळवी आठवण म्हणून वाचली आणि वहीत लिहिले, ‘घराची ओढ. सुंदर.’ दुसऱ्या दिवशीही काही वेगळे सुचले नाही. तिसऱ्या संध्याकाळी वाचताना लक्षात आले, की त्या क्षणी आमच्या खिडकीची झडप हलवणारा वारा तोच होता. आम्हाला तो समुद्रावरून येतो आणि पाऊस आणतो. त्यांना तो घरावरून येत असे. चौथ्या दिवशी मुंबईहून दादाचा फोन आला. दर जूनला तो विचारतो तेच त्याने विचारले, ‘पाऊस लागला का गं?’ मी दरवर्षीसारखे ‘लागला’ म्हटले. संध्याकाळी कविता पुन्हा वाचली आणि मग वहीत लिहिले, ‘दादा पावसाची चौकशी करत नाही.’ दुसऱ्या दिवशी मीच त्याला फोन केला आणि परसातली विहीर किती भरली, फणस किती राहिले, ओहोळावरचा साकव टिकला का, हे सगळे सविस्तर सांगितले. तो बराच वेळ ऐकत राहिला.

आई त्या आठवड्यात रोज ऐकत होती. सहाव्या दिवशी ती एवढेच म्हणाली, ‘आपल्याकडचा वारा त्याला तिकडे ओळखू आला हो.’ माझ्या सगळ्या नोंदींपेक्षा तिचे ते वाक्य नेमके होते, म्हणून मी तेही वहीत उतरवले.

(दृश्य : समईच्या उजेडात उघडी वही.)

वहीविषयी थोडे सांगायला हवे. तिच्यात कवितेचे रसग्रहण लिहायचे नाही, हे मी सुरुवातीच्या चुकांतून शिकले. रसग्रहण लिहू लागले की आपण परीक्षेला बसल्यासारखे होतो आणि स्वतःचा दिवस बाजूला राहतो. लिहिण्याची रीत मला ‘सुनीत’ म्हणजे सॉनेट या कवितेच्या घाटाने शिकवली. चौदा ओळींचा हा काव्यप्रकार केशवसुतांनीच मराठीत आणला. १८९२ मधील ‘मयूरासन आणि ताजमहाल’ हे मराठीतले पहिले सुनीत मानले जाते. सुनीतात पुष्कळदा आठ ओळींनंतर विचार वळण घेतो आणि उरलेल्या सहा ओळी त्या वळणापुढे चालतात. माझ्या नोंदीतही पहिली ओळ दिवसभरात डोळ्यांनी पाहिलेल्या एका गोष्टीची असते, आणि दुसरी त्या गोष्टीने मनात घेतलेल्या वळणाची. वळण सापडले नाही तर दुसरी ओळ कोरी सोडते. वहीत अशा कोऱ्या ओळी बऱ्याच आहेत, आणि त्या भरून काढाव्यात असे मला वाटत नाही.

केशवसुतांच्या मध्येच मी इतरांकडेही गेले. वेंगुर्ल्याच्या बागलांची राई या वाडीत १९३० मध्ये जन्मलेले चिंतामण त्र्यंबक खानोलकर, म्हणजे आरती प्रभू, कुडाळला खानावळ चालवत असतानाही कविता लिहीत होते. त्यांच्या १९६२ च्या संग्रहाचे नावच ‘दिवेलागण’ आहे. त्यांची कविता मला पहिल्या वाचनात समजत नाही, कधी सातव्यातही नाही. तरीही ती आठवडाभर सोबत ठेवल्यावर, गिऱ्हाइकांच्या पानांच्या आणि हिशेबाच्या गडबडीत त्या माणसाने स्वतःसाठी कोणती घटका राखली असेल, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

(दृश्य : रात्र. कौलांवर कोसळणारा पाऊस. अंधार.)

गेल्या जुलैत ‘आम्ही कोण?’ या सुनीताचा आठवडा होता. शार्दूलविक्रीडित वृत्त, ओळीला १९ अक्षरे आणि बाराव्या अक्षरानंतर यती. त्या थांब्यावर किंचित विसावा घेतला की ओळीचा उरलेला भाग आपल्या वजनाने पुढे येतो. सातव्या संध्याकाळी वादळी पाऊस झाला आणि वीज गेली. वाऱ्याने समईही राहीना. पुस्तक दिसत नव्हते, म्हणून मी आठवणीतून म्हणू लागले, आणि तिसऱ्या ओळीच्या यतीशी येऊन अडखळले. पुढचा शब्द काही केल्या आठवेना. तेव्हा अंधारातून आईने ती ओळ पुरी केली, आणि तिच्या पुढचीही म्हटली. तिने ही कविता कधी वाचलेली नव्हती. सात संध्याकाळी ती फक्त माझ्या शेजारी बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वहीत तारीख घातली आणि लिहिले, ‘काल वीज नव्हती. आईला ओळ येत होती.’