60 किलोच्या रोटरची 20 ग्रॅमची खोड

शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर. सकाळचे दहा. लेथ सुरू झालेत. टेम्पोतून ब्लोअरचा एक रोटर उतरतोय, म्हणजे हवा फेकणाऱ्या पंख्याचा फिरणारा भाग : शाफ्टवर दोन चकत्या, त्यांना पाती. शिरोलीच्या फाउंड्रीतला. तक्रार एकच : बेअरिंग टिकत नाही.

मिस्त्री शाफ्ट दोन समांतर पट्ट्यांवर ठेवतात. जड बाजू असती तर घरंगळून खाली आली असती. हा मात्र कुठंही थांबवा, तिथंच थांबतो.

"मग ह्यात झालंय काय?" मालकांचा प्रश्न.

झालंय ते असं. डाव्या चकतीवर वरच्या अंगाला 20 ग्रॅम जास्त, उजव्या चकतीवर खालच्या अंगाला तेवढेच. थांबलेल्या रोटरमध्ये दोन्ही एकमेकांना झाकतात. पण मिनिटाला 1500 फेऱ्या सुरू झाल्या, की चकतीच्या मध्यापासून 200 मिलिमीटरवरचे ते 20 ग्रॅम जवळपास 10 किलोचा ओढा देतात. डावं टोक एकीकडं, उजवं बरोबर उलट, सेकंदाला 25 वेळा. म्हणून वजन दोन्ही चकत्यांवर लावावं लागतं.

आता बॅलन्सिंग मशीन. रोटर फिरवून दोन्ही टोकांची थरथर मोजतं. पहिली फेरी तशीच. दुसरीला डावीकडं ट्रायल, म्हणजे चाचणीपुरतं वजन, आणि गंमत बघा, उजवीकडचं रीडिंगही हलतं. तिसरीला ते काढून उजवीकडं. कुठल्या वजनानं कुठलं टोक किती हललं, यावरून कॉम्प्युटर दोन्हीकडचा हिशेब एकदम मांडतो.

डावीकडं 20 ग्रॅम लावायचे, पण जागा नेमकी दोन पात्यांच्या मधोमध. तिथला पत्रा पातळ, वेल्डिंग पात्याच्या जोडावरच करायचं.

"दहा-दहा लावू?" पोरगं विचारतं.

"न्हाई रं. साडेअकरा-साडेअकरा."

सहा पाती, म्हणजे दोघांत 60 अंश. ओंडक्याला दोघांनी तिरक्या दोऱ्या लावून ओढलं, तर सगळा जोर पुढं लागत नाही, तसंच हे.

गुजरीतल्या सराफाकडं शोभेल अशा काट्यावर लोखंडाचे तुकडे मोजले जातात. थोडे कमीच, कारण वेल्डिंगचा रॉडही वजन टाकतो. अर्थिंगचा क्लॅम्प थेट चकतीला. करंट बेअरिंगमधून गेला, तर एक दुखणं काढताना दुसरं लागायचं.

उजवीकडंही असंच. मग शेवटची फेरी. किती असमतोल चालेल, यासाठी पंख्यांना जी 6.3 ही श्रेणी धरतात. त्या हिशेबानं या रोटरला, या त्रिज्येवर, प्रत्येक बाजूला साधारण 6 ग्रॅम चालतात. पडद्यावर डावीकडं 2, उजवीकडं 3.

"शून्य न्हाई आलं?" मालक वाकून बघतात.

मिस्त्री हात पुसत म्हणतात, "टेम्पो बोलवा."