पाखाडी चढून येणाऱ्या सिस्टर

कोकणातल्या वाघोटनच्या खाडीपासून वर चढणारी ही पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, जांभ्या दगडाची आहे आणि आषाढात तिच्यावर शेवाळ धरते. आरोग्यसेविका ती चपला हातात घेऊन चढतात. खांद्याला लशींची पेटी असते, पिशवीत वजनकाटा, ओआरएसच्या म्हणजे जलसंजीवनीच्या पुड्या आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली नोंदवही. गावात त्यांना सगळे सिस्टर म्हणतात.

डोंगराळ भागात ३००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावे, असा शासनाचा निकष आहे. कोकणात मात्र ही ३००० माणसे एका गावठाणात सापडत नाहीत. ती वाड्यावाड्यांत विखुरलेली असतात आणि दोन वाड्यांच्या मध्ये एखादा वहाळ, त्यावरचा साकव आणि अर्ध्या तासाची चढण असते. वडील नोकरीसाठी मुंबईत, आई भाताच्या लावणीत, म्हणून मूल आजारी पडते तेव्हा त्याच्या उशाशी बहुधा आजी किंवा मोठी बहीण असते. पहिली शुश्रूषा त्यांच्याच हातून होते, आणि म्हणून या हातांना शिकवणे हे सिस्टरच्या कामातले सर्वांत महत्त्वाचे औषध आहे, असे आम्हाला त्यांच्याबरोबर फिरताना जाणवत राहिले.

वर एका घराच्या पडवीत चार वर्षांचा मुलगा कालपासून जुलाबाने निपचित पडला आहे. “सिस्टरनू, झिलाच्या पोटात पाणी रवना नाय,” असे आजी सांगते. सिस्टर प्रथम मुलाचे डोळे खोल गेले आहेत का ते पाहतात, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडतात आणि ती किती वेळात पूर्ववत होते याकडे लक्ष देतात, शौचातून रक्त पडते का ते विचारतात. मूल पाणी पिऊ शकत नसते किंवा हाकेला ओ देत नसते, तर इथे बोलत बसण्याऐवजी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी लागली असती. हा मुलगा मात्र तहानलेला आहे आणि मागून पाणी पितो आहे. तेव्हा सिस्टर एक लिटरची बाटली मागतात, उकळून गार केलेले पाणी तीत भरतात, अख्खी पुडी ओततात आणि पेल्याने घटाघटा न पाजता चमच्याने पाजतात. तो ओकतो. आजी हात आखडता घेते. सिस्टर दहा मिनिटे थांबतात, लहान वयात जठर एकदम भरले की उलटते हे आजीला समजावून सांगतात आणि पुन्हा चमचा हातात घेतात, या वेळी आणखी सावकाश. प्रत्येक जुलाबानंतर अर्धा ते एक कप, चोवीस तासांनी उरलेले पाणी टाकून नवे करायचे, आणि जुलाब थांबले तरी झिंकची २० मिलिग्रॅमची गोळी चौदा दिवस पूर्ण द्यायची.

आजीने सकाळपासून मुलाची पेज बंद केली होती, कारण पोटाला विश्रांती हवी असे तिच्या सासूने तिला सांगितले होते. सिस्टर तिला चूक म्हणत नाहीत. उकड्या तांदळाची मऊ पेज चिमूटभर मीठ घालून द्या, असे त्या म्हणतात, आणि आजीचा चेहरा उजळतो, कारण आपल्या घरातलीच गोष्ट औषधात जमा झाली. आरोग्यशिक्षण घरातल्या ज्ञानाला धक्का देऊन रुजत नाही, ही या फिरतीतली मोठी शिकवण होती. निघण्यापूर्वी सिस्टर आठवीत शिकणाऱ्या बहिणीला दुसरी पुडी देतात आणि सगळे पुन्हा करून दाखवायला सांगतात. तिने पुडी अर्धीच ओतली, तेव्हा तिला थांबवून पाण्याचे आणि मिठाचे प्रमाण का बिघडू नये हे समजावले. ‘समजले का?’ या प्रश्नाला सगळेच हो म्हणतात; हाताने करून दाखवल्यावरच किती समजले ते कळते.

लसीकरणाच्या सत्रात आणखी एक सवय मोडावी लागते. ‘दंगा केलास तर सुई टोचायला सांगेन,’ असे मोठी माणसे सहज बोलून जातात. चार-पाच वर्षांच्या मुलाला आजार ही आपल्या खोडीची शिक्षा वाटू शकते, आणि अशा धमकीने ती समजूत पक्की होते. सिस्टर ‘दुखणार नाही’ असेही कधी म्हणत नाहीत. थोडे दुखेल, तू आईच्या मांडीवर बस, मी तीन अंक मोजते, एवढेच सांगतात आणि ते पाळतात. तान्ह्या बाळाला टोचताना आईने छातीशी धरून दूध पाजले तर त्याला वेदना कमी होतात. आंब्याच्या बागांत राखणीला आलेल्या नेपाळी कुटुंबांची बाळेही या सत्रात येतात, आणि हंगाम संपल्यावर लसीकरणाचे कार्ड बरोबर न्या, हे त्यांच्या आयांना दरवेळी सांगावे लागते.

शून्य ते अठरा वर्षांच्या मुलांच्या तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये याच किनारपट्टीवरच्या पालघरमधून सुरू झाला. दहा ते एकोणीस वयोगटासाठीचा किशोर स्वास्थ्य कार्यक्रम जानेवारी २०१४ मध्ये आला. त्याचा शाळेतला रोजचा चेहरा म्हणजे आठवड्यातून एकदा मिळणारी लोहाची निळी गोळी. ती मुलग्यांनाही असते. अनेक मुली ती दप्तरात लपवून घरी टाकून देत, कारण गोळीने शौच काळे होते आणि त्यांना भीती वाटे. सिस्टरांनी काळे होणार हे आधीच सांगायला सुरुवात केली, उपाशीपोटी न घेता जेवणानंतर घ्या आणि लगेच चहा पिऊ नका असे सांगितले. मुली वर्गात मोठ्याने विचारत नाहीत, म्हणून सिस्टर मधल्या सुट्टीत विहिरीजवळच्या कट्ट्यावर बसतात, आणि पाळीच्या दिवसांत कापड उन्हात वाळवावे की कोनाड्यात लपवावे, हा प्रश्न तिथे विचारला जातो. उन्हातच वाळवायचे. पावसाळ्यात ऊन नसते, तेव्हा चुलीच्या उबेला पूर्ण कोरडे करायचे, पण ओलसर वापरायचे नाही.

गावातल्या शाळेत आज शेवटचा तास सर्पदंशाचा आहे. कातळाच्या सड्यावर आणि गडग्यांच्या, म्हणजे दगडी कुंपणांच्या, फटींत फुरसे राहते. हे साप रात्री हिंडतात आणि अंगावरचे खवले घासून खरखर आवाज करतात. त्यांच्या विषाने रक्त गोठेनासे होते. रुग्णालयात काचेच्या कोरड्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटे ठेवतात आणि ते गोठले की नाही ते पाहतात. विंचूदंशाबाबत या किनाऱ्याला मोठा वारसा आहे: महाड परिसरात डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे औषध वापरून लाल विंचवाच्या दंशाने होणारे मृत्यू रोखण्याचा मार्ग दाखवला, आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हात-पाय गार पडणे, दरदरून घाम येणे आणि उलट्या ही लक्षणे दिसताच मुलाला रुग्णालयात न्यायला हवे, हे सिस्टर दोनदा सांगतात.

एक मुलगा विचारतो, लहान भावाला साप चावला तर औषध निम्मे लागेल ना? सिस्टर मान हलवतात. सापाने विष मूल पाहून कमी सोडलेले नसते, म्हणून प्रतिविषाची मात्रा मोठ्या माणसाइतकीच लागते, आणि अंग लहान असल्याने वेळ मात्र कमी असतो. चिरा पाडायचा नाही, चोखायचे नाही, आवळून दोरी बांधायची नाही, चालवत न्यायचे नाही.

मग बाकावर एकाला निजवले जाते. पाय हलू नये म्हणून दोन लाकडी पट्ट्या आणि एक ओढणी यांनी तो न आवळता सरळ बांधला जातो. पहिल्या बाकावरचा मुलगा पुढे येऊन त्याच्या पायातला काळा दोरा सोडवतो, कारण सूज आली की तो रुतेल. फळ्याशी उभी असलेली मुलगी घड्याळ पाहते आणि दंशाची वेळ मोठ्या अक्षरांत लिहिते: ३ वाजून १० मिनिटे.