नंबरप्लेट बाराची, बोल्ट आठचे

(दृश्य : धायरीतलं एक गॅरेज, संध्याकाळ. पुढून उचललेली मोटार.)

नंबरप्लेट पुण्याची, एमएच १२. मिस्त्री चाकामागे टॉर्च मारतात, वाकून बघतात आणि विचारतात, "साहेब, गाडी कोकणात होती का?"

मालक चमकतात. चार वर्षं दापोलीला होती, अगदी समुद्राजवळ.

नंबरप्लेट बाराची असली तरी बोल्ट शून्य आठचे, म्हणजे दापोलीच्या रत्नागिरी जिल्ह्याचे आहेत. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, रत्नागिरी जिल्ह्यात ३,००० च्या वर. त्यात खारा वारा. मीठ ओल धरून ठेवतं, लोखंड गंजतं, आणि गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते. आट्यांमधली केसाएवढी फट त्यानं भरून जाते. आपण पुणेकर गाडी वरून रोज पुसतो. खाली वाकून कोण बघतंय?

तक्रार साधी आहे. खड्ड्यात पुढून, डावीकडून 'टक्' वाजतं. लोअर आर्मचं, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचं, बुश (सांध्यातलं रबर) गेलंय. नवा आर्म नाना पेठेतून आणलाय. तासाभराचं काम, बोल्टनं ऐकलं तर. बोल्टवर तेल मारून गॅरेज बंद होतं. तेलाला आत झिरपायला रात्र लागते. फवारा मारला आणि लगेच पाना लावला, तर नुसता हात बुळबुळीत होतो.

(दृश्य : सकाळ. सहा कोनी बॉक्स पाना, त्याच्या दांड्यावर चढवलेला पाइप.)

मिस्त्री आधी बोल्ट आवळतात. हो, आवळतात. अगदी किंचित. मग सोडतात, पुन्हा आवळतात. गंजाचा चुरा आट्यांतून सुटावा म्हणून. पान्याचे कोन बारा असते, तर एव्हाना बोल्टचं डोकं गोल झालं असतं.

नट निघाला. बोल्ट फिरतोही आहे, पण पाना सोडला की स्प्रिंगसारखा मागे येतो. पोरगा म्हणतो, "सुटला!" मिस्त्री मान हलवतात. बुशच्या मध्ये लोखंडी नळी असते, तिच्यातून बोल्ट जातो. दोघं गंजून एकमेकांना धरून बसलेत. फिरतंय ते सगळं मिळून, आणि पिळतंय ते भोवतीचं रबर.

इथे गॅस लावायचा मोह होतो. तापवलं की लोखंड पसरतं, गंजाची पकड सुटते. उघड्या नटावर हा उपाय नामी. पण इथे रबर आहे, शेजारी ब्रेकचा पाइप आहे. आणि ज्या जागेवर आधी ब्रेक क्लीनर मारलाय तिथे ज्योत नेऊच नये. काही क्लीनरमधल्या क्लोरीनच्या रसायनांतून तापल्यावर विषारी वायू निघतो.

मग हॅक्सॉचं पातं. बुश आणि ते ज्यात बसतं ते ब्रॅकेट यांच्या फटीत घालून, बोल्ट दोन्ही बाजूंनी कापायचा. जुना आर्म तसाही भंगारातच जाणार, त्याची दया नको. पाऊण तास नुसता खर्र खर्र आवाज. हा भाग आम्ही एडिटिंगमध्ये कापलाय, मिस्त्रींना मात्र ती सोय नव्हती.

नट ब्रॅकेटलाच वेल्ड केलेला असता आणि बोल्ट आत तुटला असता, तर खरी परीक्षा होती. तुटक्या टोकावर नवा नट वेल्ड करायचा. वेल्डिंगच्या उष्णतेनं निम्मं काम होतं. नाहीतर बरोबर मध्यावर पंच मारून बारीक ड्रिलनं सुरुवात. तुटका बोल्ट ओढून काढणारा उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर मिस्त्री अगदी शेवटी हातात घेतात. तो कडक पोलादाचा, म्हणून ठिसूळ. आत मोडला तर साध्या ड्रिलला दाद देत नाही.

(दृश्य : नव्या बोल्टचं डोकं, त्यावर १०.९ हा आकडा.)

हा आकडा म्हणजे बोल्टच्या ताकदीचा ग्रेड. बोल्ट त्याच ग्रेडचा हवा. १०.९ च्या जागी हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट बसतो झकास, पण चाक त्याच्या भरवशावर असतं. नळीत राहणाऱ्या गुळगुळीत भागाला कॉपर ग्रीस लावलं जातं, आट्यांना नाही.

बोल्ट शेवटचा आवळायचा तो गाडी जमिनीवर, स्वतःच्या वजनावर उभी असतानाच. चाक लोंबकळत असताना आवळलं तर गाडी खाली येताच रबर पिळलं जातं आणि नवं बुशही लवकर फाटतं.

डावी बाजू झाली. मिस्त्री टॉर्च उजवीकडे नेतात. तिथलंही बुश चिरलंय. मालक घड्याळ बघतात, मग "करून टाका" म्हणतात.

पोरगा पाना उचलतो. मिस्त्री त्याच्या हातात तेलाचा डबा देतात. "हाणून ठेव. त्याला उद्या सकाळी बघू."