गुरुवारी पाणी बंद

[दृश्य: कर्वेनगर. सोसायटीची गच्ची, पाण्याच्या टाक्या.]

पुण्यात गुरुवारी पाणी बंद राहणार असलं की सोसायटीच्या ग्रुपवर निरोप येतो. त्यात पुढचं वाक्यही ठरलेलं: शुक्रवारी सकाळी उशिरा आणि कमी दाबाने पाणी येईल. हा निरोप आला की बुधवारी रात्री मोबाइलने आपोआप गजर द्यावा, एवढंच इथल्या सेक्रेटरी काकूंना हवंय. कोड लिहायचा नाही, रंगीत ठोकळे ओढून जोडायचे, असं त्यासाठी घेतलेलं ॲप सांगतं.

[दृश्य: मोबाइलचा स्क्रीन. बोट ठोकळा ओढतंय.]

पहिली अट पटकन बसते. निरोपात 'पाणी' आणि 'बंद' आहे? मग गजर लाव. पण निरोप दुसऱ्या भागाचा असेल तर गजर नको. दुरुस्तीचं काम पुढे ढकललं तर 'रद्द' असा निरोप येतो, तेव्हा लावलेला गजर काढायला हवा. अटीच्या पोटात अट, तिच्या पोटात आणखी एक. हे 'नाहीतर' नेमकं कुठल्या 'जर'चं, ते स्क्रीन वरखाली सरकवत शोधायचं. एक ठोकळा हलवला की पुढच्या ठोकळ्याला मिळणारी माहिती तुटते, आणि ॲप म्हणतं, 'काहीतरी चुकलं'. कुठे, ते सांगत नाही. भरीला बॅटरी वाचवण्यासाठी फोन हे ॲपच परस्पर बंद करून टाकतो.

ठोकळ्यांची कल्पना वाईट आहे, असं मला वाटत नाही. एमआयटी या अमेरिकी विद्यापीठात तयार झालेल्या स्क्रॅचवर २००७ पासून जगभरातली मुलं याच ठोकळ्यांनी प्रोग्रॅमिंग शिकताहेत. राग येतो तो लेखी रूप लपवण्याचा. कालची मांडणी आणि आजची मांडणी शेजारी ठेवून बघता येत नाही. कुणाची मदत घ्यायची तर एकामागून एक स्क्रीनशॉट पाठवायचे. खरं तर गूगलने तयार केलेल्या ब्लॉकली या साधनात जोडलेल्या ठोकळ्यांमधून जावास्क्रिप्ट किंवा पायथनचा कोड तयार होतो. मग मोबाइलवरच्या ॲपला साधी चार वाक्यं दाखवायला काय हरकत आहे?

[दृश्य: वहीचं पान.]

शेवटी काकूंनी सगळे नियम मराठीत वहीत लिहिले. भाच्याने ते वाचले आणि तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. "मावशी, 'रद्द' आधी तपास. 'पाणी बंद रद्द' या निरोपातही 'पाणी' आहे आणि 'बंद'ही आहे."