नऊच्या आत या : क्लेअरच्या गावांमधलं जेवण

जूनचा महिना, रात्रीचे नऊ वाजून दहा मिनिटं. बाहेर अजून लख्ख उजेड आहे, आणि आम्ही दोघं क्लेअर काउंटीतल्या एका छोट्या गावच्या पबच्या दारात भुकेने कासावीस होऊन उभे. काउंटरमागच्या बाई म्हणाल्या, किचन नऊला बंद झालं. गावात दुसरं हॉटेल नाही, आणि पुढच्या गावी पोचेपर्यंत तिथलंही बंदच होणार. आमचे चेहरे बघून त्या आत गेल्या आणि दोन टोस्टेड स्पेशल घेऊन आल्या, म्हणजे हॅम, चीज, कांदा, टोमॅटो घालून भाजलेलं साधं सँडविच. ते खाईपर्यंत कोपऱ्यातल्या टेबलावरच्या प्लेटा उचलल्या गेल्या, टेबल पुसलं गेलं आणि एक आजोबा डब्यातून कॉन्सर्टिना, म्हणजे हातात धरून वाजवायची छोटी भात्याची पेटी, काढून तिथे बसले, मग फिडलवाली, म्हणजे व्हायोलिनवाली आली, मग बासरीवाला. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की जेवणाचं आणि गाण्याचं टेबल एकच आहे, म्हणून नऊ म्हणजे नऊ.

क्लेअर म्हणजे आयर्लंडचा पश्चिम किनारा, एकीकडे अटलांटिक, खाली शॅनन नदीचं मुख. सव्वा लाखाच्या आसपास वस्ती, एनिस हे मोठं गाव, बाकी सगळी छोटी गावं, दगडी कुंपणं आणि गाई. एनिसच्या बाहेर पडलात की बाहेर जेवायला जाणं म्हणजे बहुतेक वेळा पबमध्ये जाणं. पब म्हटलं की आपल्याकडे फक्त दारू डोळ्यासमोर येते, पण इथे रविवारी दुपारी बघा, आजीपासून पाळण्यातल्या बाळापर्यंत अख्खं घर कार्व्हरीच्या लाइनीत उभं असतं, समोर मांसाचा मोठा तुकडा कापून ताटात वाढतात आणि शेजारी बटाटे, मॅश केलेले वेगळे, भाजलेले वेगळे.

पण मला बोलायचंय ते चाउडरबद्दल, म्हणजे माशाच्या दाट सूपबद्दल. डूलिनला या, तिथला ओ'कॉनर्स पब १८३२ पासूनचा आहे, गावाला लोक मुख्यतः संगीतासाठी येतात, पण दुपारी पावसात भिजून आलात तर आधी एक वाडगा चाउडर मागवा. माशाच्या स्टॉकमध्ये बटाटा, धुरी दिलेला हॅडॉक मासा, शिंपले, वरून क्रीम. पहिल्या चमच्याला धुराचा वास येतो, मग समुद्राचा खारटपणा, मग बटाट्याचा गोडवा. सोबत ब्राउन ब्रेडचे दोन जाड तुकडे. या ब्रेडमध्ये यीस्ट नसतं, ताक आणि खायचा सोडा, त्यावरच तो फुगतो, म्हणून त्याला हलकी आंबूस चव असते आणि तो मऊ लुसलुशीत न होता भरभरीत राहतो. त्यावर खारं लोणी, तेही हात आखडता न घेता. प्रत्येक पबची चाउडर वेगळी आणि प्रत्येकाला आपलीच खरी वाटते, वाटायलाच पाहिजे.

डूलिनच्या ईशान्येला बरन लागतं. मैलोन्‌मैल राखाडी चुनखडीचा खडक, बघून वाटतं इथे काय उगवणार. पण खडकाच्या भेगांमध्ये गवत येतं, आणि हा दगड उन्हाळ्याची ऊब धरून ठेवतो म्हणून इथले शेतकरी गुरं हिवाळ्यात वर डोंगरावर नेतात, बाकी ठिकाणी नेमकं उलटं असतं. याला ते विंटरेज म्हणतात. हे एकदा बघितलं की मग ताटातला बीफ स्ट्यू नुसता स्ट्यू राहत नाही.

बरन जिथे समुद्राला टेकतं तिथे न्यू की हे गाव, आणि तिथे ऑयस्टर, आपल्या कोकणातली कालवं! आपण कांद्या-खोबऱ्यात शिजवतो, इथे जिवंत उघडून, लिंबू पिळून सरळ तोंडात. इथलं मूळचं चपटं कालव सप्टेंबर ते एप्रिलच मिळतं, उन्हाळ्यात त्याचा विणीचा काळ असतो. लिसडूनवार्नाला तर १९८९ पासून बरन स्मोकहाउस चालू आहे, तिथला ओकच्या धुराचा सामन मासा पातळ कापून देतात, आणि त्याच गावातल्या वाइल्ड हनी इन या पबला २०१८ च्या मिशलिन गाइडमध्ये स्टार, म्हणजे उत्तम जेवणाचा नावाजलेला मान, मिळाला होता. एवढ्याशा गावात!

आता जरा मनातलं. समुद्रावरच्या मोहरच्या उंच कड्यांवर वर्षाला दहा लाखांहून जास्त माणसं येतात, पण कितीतरी जण डब्लिनहून बसने येतात, फोटो काढतात आणि संध्याकाळी परत. गावातलं किचन चालतं ते रात्री राहणाऱ्यांवर. सप्टेंबर २०२३ मध्ये जेवणावरचा व्हॅट ९ वरून १३.५ टक्के झाला, वीज महाग, स्वयंपाकी मिळत नाहीत, आणि हिवाळ्यात तर आठवड्यातले तीन-चार दिवसच चूल पेटते अशी ठिकाणं मी बघितलीत. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, क्लेअरला आलात तर एक रात्र तरी राहा, गावात जेवा.

शेवटचा थांबा किल्की. घोड्याच्या नालेसारखा किनारा, आणि समोरच्या रस्त्यावर कागदाच्या पुडीत उकडलेल्या समुद्री गोगलगायी विकतात, पेरिविंकल्स, सोबत एक टाचणी. शंखाच्या तोंडावरची काळी चकती टाचणीने उडवायची, टाचणी आत खुपसून हलकेच फिरवायची, घाई केली की अर्धी आतच तुटते. पहिल्या चार मी तोडल्या. शेजारी भिंतीवर बसलेल्या एका काकूंनी न बोलता माझ्या हातातून टाचणी घेतली, मनगट कसं वळवायचं ते दाखवलं, पाचवी अख्खी बाहेर आली. खारट, चिवट, आणि मागून किंचित गोड. पुडी संपली तेव्हा घड्याळात साडेसात, म्हणजे अजून दीड तास आहे. चला.