भाव पाडायचा नाही

सोलापुरातल्या एका छोट्या आर्ट गॅलरीवरच्या माहितीपटाचं निवेदन

[दृश्य: बाळीवेशीजवळची गल्ली. फ्रेमिंगचं दुकान. करवतीचा आवाज.]

अक्कलकोटचे स्वामी, सिद्धरामेश्वर, पांडुरंग. नव्या जोडप्याचा फोटो. आणि नुकत्याच वारलेल्या आजोबांचा, आधार कार्डावरून मोठा केलेला, थोडा भुरकट फोटो. दिवसभर इथं हेच फ्रेम होतं. पट्टी फुटावर, काचेचे वेगळे, माउंट हवं असेल तर त्याचे आणखी वेगळे.

दुकानातूनच एक अरुंद जिना वर जातो. वर लांबट खोली, पांढऱ्या भिंती, भिंतींवर आजच्या चित्रकारांची चित्रं. खाली स्वामींची फ्रेम न्यायला आलेल्या माणसाला वर काय आहे हे बहुतेक वेळा ठाऊक नसतं. ठाऊक असलं तरी वर जायचे पैसे पडतात की काय, म्हणून तो जात नाही.

खालचं दुकान सासऱ्यांनी टाकलेलं. वरची गॅलरी सूनबाईंची. त्या आधी शाळेत चित्रकला शिकवायच्या, म्हणून गल्ली त्यांना मॅडम म्हणते. आपणही तेच म्हणू. आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकू: जागा घरची आहे. भाडं भरायचं असतं तर हा माहितीपट काढायची वेळच आली नसती.

फ्रेमच्या पैशावर चित्रं जगवायची, ही रीत जुनी आहे. मुंबईत केकू गांधींनी १९४१ साली फ्रेमचाच धंदा सुरू केला. आरा, हुसेन अशा तेव्हाच्या नवख्या चित्रकारांची चित्रं आधी त्यांच्या फ्रेमच्या शोरूममध्ये लागली. गॅलरी केमोल्ड उघडली ती १९६३ साली, जहांगीर आर्ट गॅलरीच्या पहिल्या मजल्यावर. तोवर मधली बावीस वर्षं निघून गेली होती. मॅडमना हा हिशेब तोंडपाठ आहे. घरात कुणी ‘किती दिवस चालवायचं हे?’ म्हणालं की त्या तो ऐकवतात.

[दृश्य: पूर्व भाग. यंत्रमागाचं शेड. अर्धे माग चालू, अर्धे बंद.]

मंदी आली की सोलापुरात सगळ्यात आधी कळतं ते पूर्व भागाला. टॉवेलच्या ऑर्डरी लांबतात, दोन पाळ्यांची एक पाळी होते. मग चाटी गल्लीच्या कापडबाजारात गिऱ्हाईक रोडावतं. मग फ्लॅटचं बुकिंग थांबतं, आणि फ्लॅटच नाही तर हॉलच्या भिंतीवर काय लावायचं हा प्रश्नही मिटतो. या शहरानं हे पूर्वीही पाहिलंय. १८७७ साली सुरू झालेली जुनी गिरणी गेली, लक्ष्मी-विष्णू गेली, आणि भोंग्यावर घड्याळ लावणारी पिढी घरी बसली. नंतर नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी. मार्च २०२० ची टाळेबंदी. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं भारतीय मालावरचं आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेलं, तेव्हा टॉवेलवाल्यांच्या चहाच्या टपरीवर दुसरा विषय नव्हता.

खर्च कापायची वेळ आली की चित्राचा नंबर पहिला लागतो. दिवस सुधारले की आधी गाडी येते, मग सोनं, मग फर्निचर. चित्र सगळ्यात शेवटी.

सप्टेंबर २०२५ मध्ये चित्रांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. आता बरं झालं असेल, असं आम्ही मॅडमना विचारलं. त्या हसल्या. म्हणाल्या, “पाच टक्के कशावर ओ? विक्रीवरच ना?”

[दृश्य: दरपत्रिका. मॅडमचा हात, निळं पेन.]

मग अशा वेळी भाव का उतरवत नाही? येणारा प्रत्येक जण हेच विचारतो. चादरीचा सेल लागतो, साडीचा लागतो, चित्राचा का नाही?

मॅडम इथं अडून बसतात, आणि आमच्या मते बरोबर अडून बसतात. एखाद्या पोराचं चित्र गेल्या वर्षी एका शिक्षिकेनं १२ हजारांना घेतलं. यंदा त्याच आकाराचं, त्याच हाताचं चित्र ८ हजारांना लावलं, तर त्या बाईंना काय सांगायचं? चार हजारांनी फसलात म्हणून? शिवाय त्या पोराचा भाव ८ हजार झाला, तो पुण्यातही ८ च होतो. चित्रकाराचा भाव सगळीकडे एकच ठेवायचा, हा या धंद्यातला जुना नेम. एकदा उतरलेला भाव पुन्हा चढवायला वर्षं जातात. सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स बुडाली आणि भरमसाट चढलेले तरुण चित्रकारांचे भाव कोसळले. त्यातल्या कित्येकांना ते भाव पुन्हा दिसले नाहीत.

भाव तसाच ठेवायचा म्हटल्यावर बाकीचं बदलावं लागतं. मोठे कॅनव्हास बंद, कागदावरची लहान कामं चालू. लिनोकट आले. लिनोलियमच्या तुकड्यावर कोरायचं, शाई लावायची, २० छाप काढायचे, खाली पेन्सिलीनं ३/२०, ४/२० असे, म्हणजे विसातला कितवा छाप ते सांगणारे, आकडे घालायचे आणि ठसा मोडून टाकायचा. चित्रकाराची सही असलेलं अस्सल काम दीड हजारात मिळतं. पहिल्यांदा चित्र घेणारा माणूस इथूनच सुरुवात करतो. दुसरा उपाय हप्त्यांचा. बिनव्याजी, सहा-सात महिने. त्याची वही आहे, लाल कापडी पुठ्ठ्याची. पहिल्या हप्त्याला चित्राशेजारी लाल टिकली, म्हणजे ‘विकलं’ची खूण, लागते, शेवटच्या हप्त्याला चित्र घरी जातं.

विक्रीतला तिसरा हिस्सा गॅलरीचा. मोठ्या शहरांत तो निम्म्यापर्यंत जातो. या तिसऱ्या हिश्शातून वरच्या खोलीचं वीजबिलसुद्धा भागत नाही. ते भागतं खालच्या फ्रेमांवर आणि रविवारच्या क्लासवर. इंटरमिजिएट ड्रॉइंगला ए ग्रेड मिळाली की दहावीला ७ गुण वाढतात, त्यामुळे क्लासला मुलांची वाण नाही. पालकांना गुण हवेत, मॅडमना फी हवी. त्या तासाभरात चार मुलं भिंतीकडे बघतात, हा वरचा फायदा.

उन्हाळ्यात आणखी एक पेच. पारा ४३-४४ वर जातो, एसी परवडत नाही, आणि कूलर लावला तर त्या दमट हवेनं कागद फुगतो. म्हणून एप्रिल-मेमध्ये गॅलरी संध्याकाळी सहानंतरच उघडते. दुपारी फक्त खिडक्यांना ओले पडदे, तेही चित्रांपासून लांब.

[दृश्य: एका खासगी दवाखान्याचा प्रतीक्षा कक्ष. रांगेत बसलेले नातेवाईक, मागं भिंतीवर चित्र.]

खरा आधार निघाला डॉक्टरांचा. सोलापुरात उस्मानाबाद-लातूरकडून, विजापूर-गुलबर्ग्याकडून पेशंट येतात, दवाखाने भरलेले असतात, आणि दवाखान्यांना भिंती पुष्कळ. विकत घ्यायला तयार नसलेल्या डॉक्टरांना मॅडमनी चित्रं भाड्यानं दिली. महिन्याचं ठरलेलं भाडं, तीन महिन्यांनी चित्र बदलून मिळणार.

दवाखान्यातलं चित्र म्हणून कुणी नाक मुरडू नये. मकबूल फिदा हुसेन जन्मले पंढरपुरात, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात. त्यांचं १९५४ सालचं ‘ग्रामयात्रा’ दिल्लीत एका परदेशी डॉक्टरनं घेतलं आणि ते नॉर्वेला गेलं. ऑस्लोच्या रुग्णालयात ते कित्येक दशकं भिंतीवर होतं. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ते सुमारे ११८ कोटी रुपयांना गेलं. हा आकडा मॅडम गिऱ्हाइकाला मुद्दाम सांगत नाहीत. आकडा ऐकला की माणूस चित्राकडे बघायचं सोडून शेअरबाजाराबद्दल बोलायला लागतो.

[दृश्य: गॅलरीची मागची भिंत. दोऱ्यानं विणलेल्या पुठ्ठ्यांचा मोठा पडदा.]

हे काम बघा. सोलापुरी चादरीवरचा मोर, वेलबुट्टी, काठ हे सगळं जकार्डवर, म्हणजे मागावर बसवलेल्या नक्षीच्या यंत्रावर, निघतं. भोकं पाडलेले पुठ्ठे एकापुढे एक ओवलेले असतात. भोक असेल तिथं सुई आत जाते, नसेल तिथं अडते, त्यावरून ताण्याचा, म्हणजे उभा, धागा उचलला जाणार की नाही ते ठरतं. आता ते काम इलेक्ट्रॉनिक जकार्डवर होतं आणि जुने पुठ्ठे भंगारात निघालेत. विणकराच्या घरातल्या एका मुलीनं ते किलोवर उचलले आणि सुती दोऱ्यानं एकमेकांना बांधून आठ फुटांचा पडदा केला. मागून दिवा लावला की समोरच्या भिंतीवर उजेडाचे ठिपके पडतात. किंमत ३५ हजार.

एक जुने विणकर नातवाला क्लासला सोडायला आले होते. बराच वेळ त्यांनी चष्मा वर-खाली करून पाहिलं, एका ओळीवरून बोट फिरवलं. म्हणाले, “हे काठाचं आहे की ओ. उलटं टांगलंय पोरीनं.” पोरगी तिथंच होती. ती त्यांच्याशी तेलुगूत बोलायला लागली आणि दोघांनी मिळून तिसरी-चौथी ओळ सुलटी केली. बाकीच्या तिनं तशाच ठेवल्या. तिला त्या उलट्याच हव्या होत्या.

मग आले कारखान्याचे मालक, ज्यांच्या शेडातून ते पुठ्ठे निघाले होते. “मीच दिले ना ओ हे भंगारवाल्याला, किलोवर! आणि तुम्ही ३५ हजार म्हणताय?” मॅडमनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला, आणि भाव सांगितला तोच: ३५ हजार, सात हप्ते. मालक हसत खाली उतरले. पुढच्या आठवड्यात टेप घेऊन आले, ऑफिसच्या भिंतीचं माप काढून. तीसला द्या म्हणाले. मॅडम नाही म्हणाल्या. ते अजून घेतलेलं नाही त्यांनी. येतात, बघतात, चहा घेतात.

मधल्या काळात त्या मुलीला पुढच्या कामासाठी आणखी पुठ्ठे हवे होते, म्हणून ती त्यांच्या शेडवर गेली. मालकांनी पोती दाखवली. भंगारच्या भावात द्यायला मात्र ते आता तयार नाहीत.